गणपतीला येताय? औषधांची पिशवी घेऊन दवाखान्यात या

गणपतीला तीन आठवडे राहिले. रेल्वेची तिकिटं तुम्ही केव्हाच काढली असतील. ज्यांना मिळाली नाहीत ते एसटीच्या ग्रुप बुकिंगच्या खटपटीत असतील. मखर, माटवी, भजनीबुवा सगळं ठरलं असेल. या धांदलीत एक विनंती करायची आहे. ती आत्ताच करते, कारण एकदा तुम्ही गावात पोचलात की ऐकायला कुणाला सवड नसते. तुमच्या पाच-सात दिवसांतली एक सकाळ घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी राखून ठेवा. त्या सकाळी त्यांना आणि त्यांच्या झाडून सगळ्या औषधांना घेऊन दवाखान्यात या. माझ्याच दवाखान्यात या असं म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, बाजारपेठेतले नेहमीचे डॉक्टर, जिथं तुमच्या आईवडलांना नावानं ओळखतात तिथं जा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं दवाखाना चालवते. अनंत चतुर्दशी होते, पितृपक्ष लागतो, घरं एकामागून एक रिकामी होतात आणि रात्रीचे फोन सुरू होतात. आई पडली. बाबा ओळखत नाहीत. काकींना उठवतंय, पण उठत नाहीत. मग 108 ला फोन, खुर्चीत घालून पाखाडीवरून खाली, आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून रत्नागिरी, नाहीतर थेट कोल्हापूर. इकडे मुलगा मुंबईहून रात्रीची गाडी पकडतो. यातली सगळीच धावपळ टळण्यासारखी नसते. पण बरीचशी टळण्यासारखी असते, हे मी माझ्याच रजिस्टरची मागची पानं उलटून सांगते आहे.

गेल्या वैशाखातलं एक उदाहरण घ्या. वाडीवरच्या एका मोठ्या घरात दोघी जावा राहतात. थोरली एक्याऐंशीची, धाकटी शहात्तरची. थोरलीचा मुलगा डोंबिवलीला असतो. फाल्गुनात तिचं बीपी वाढलेलं दिसलं म्हणून मी तिची अम्लोडिपिनची गोळी पाचाची दहा केली. या गोळीनं काहींच्या पावलांना सूज येते, तिच्याही आली. मधे ती भाच्याच्या लग्नाला दुसऱ्या तालुक्यात गेली. तिथं एका डॉक्टरांनी सूज बघून लघवीची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. त्यांना दोष देत नाही. मी गोळी वाढवली आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता, माझा कागद घरी फडताळात होता. गावी परतल्यावर दोन्ही गोळ्या चालू राहिल्या. उन्हाळा कडक होता. टीव्हीवर भरपूर पाणी प्या म्हणून सांगत होते, ते ती मनोभावे पीत होती. जेवण म्हणाल तर दोन्ही वेळा अळणी पेज.

रक्तातलं सोडियम हळूहळू उतरत गेलं. आधी नुसती मळमळ, मग चालताना झोक जायला लागला, मग दिवस दिवस पडून राहणं. एके दिवशी तिनं जावेला वारलेल्या नणंदेच्या नावानं हाक मारली. वयापरत्वे होतं असं, म्हणून धाकटी गप्प राहिली. आता माझी कबुली. याच सुमाराला शेजारचा मुलगा तिच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे आला होता. जाता जाता म्हणाला, “काकी हल्ली झोपूनच असतात हो.” बाहेर पंचवीस माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, “सोमवारी घेऊन ये बघू.” तो शुक्रवार होता. रविवारी पहाटे तिला फिट आली.

रुग्णालयात सोडियम 109 निघालं. ते 135 ते 145 च्या दरम्यान असावं लागतं. आयसीयू धरून अकरा दिवस गेले. काकी वाचली, पण स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जाणारी ती बाई परत आली ती दोघांच्या खांद्यावर हात टाकून, आणि आजही वॉकरशिवाय ओटी ओलांडत नाही. डोंबिवलीचा मुलगा मला फोनवर म्हणाला, “डॉक्टरीणबाई, अचानकच झालं हो सगळं.” अचानक कुठलं? माझ्या रजिस्टरात, त्या दुसऱ्या कागदावर आणि धाकट्या जावेच्या डोळ्यांदेखत ते दीड-दोन महिने चाललं होतं. शुक्रवारी त्या मुलाबरोबर कुणीतरी जाऊन चमचाभर रक्त काढून आणलं असतं तर संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

या “अचानक” शब्दाचा मी आता धसका घेतला आहे. तुम्हीही घ्या.

थकलेलं माणूस कुणाला म्हणायचं, हे आधी सांगते, कारण ते वयावर नसतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुरांमागे सडा तुडवणारे आजोबा माझ्या माहितीत आहेत. आणि अडुसष्टाव्या वर्षी वर्षभरात पाच किलो उतरलेली, खुर्चीचे हात धरल्याशिवाय न उठणारी, बाजारात जाणं सोडलेली बाईही आहे. जपायला हवं ते या बाईला. अशा शरीरात राखीव शिल्लक नसते. तुम्हाआम्हाला दोन दिवसांच्या जुलाबानं अशक्तपणा येतो, तिची त्यानं किडनी बसते. शिवाय दुखणं नेहमीच्या खुणा दाखवत नाही. न्यूमोनिया झाला तरी ताप नसतो, नुसतं जेवण सुटतं. लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जळजळीची तक्रार नसते, रात्री उठून भलतंच बोलणं सुरू होतं. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. चार दिवसांत माणूस बदललं तर तो म्हातारचळ नसतो. त्याच्या मागे बहुधा काहीतरी सापडतं आणि बरंही होतं.

आता पिशवीबद्दल. पिशवी म्हटलं तरी आमच्याकडे बहुधा श्रीखंडाचा रिकामा डबा असतो. मागच्या गणपतीत एक मुलगी असाच डबा घेऊन आली आणि मी तो टेबलावर उपडा केला. सतरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. टेल्मिसार्टन दोन वेगवेगळ्या नावांनी. एक इथल्या दुकानातली, एक बोरिवलीहून आणलेली. वडील दोन्ही घेत होते, एक सकाळी, एक रात्री. झोपेची गोळी, जी सहा वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर आठ दिवसांपुरती दिली होती. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, वर हृदयासाठी ॲस्पिरिन. या जोडीनं जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि डांबरासारखी काळी शी होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला असल्या गोळीनं एका रात्रीत लघवी तुंबते, आणि मग रात्री दोन वाजता नळी घालायला धावाधाव. तळाशी सहा-सात चांदीचे तुकडे होते. त्यांवर ना नाव, ना मुदत. कात्रीनं कापताना नाव पलीकडच्या तुकड्यावर गेलेलं. त्या सकाळी सतराच्या आठ गोळ्या झाल्या, त्याही एका कागदावर, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहून. एकूण वीस मिनिटं लागली.

औषध दुकानदारांना इथं हात जोडते. चार गोळ्या मागितल्या तर द्या चार, गरिबाला अख्खी पट्टी परवडत नाही हे मलाही कळतं. पण नाव आणि मुदत गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील अशी कात्री चालवा. ते जमत नसेल तर पाकिटावर पेनानं लिहा. आणि बीपी, साखर, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याला दुखण्याची गोळी देण्याआधी एकदा विचारा, बाकी काय चालू आहे?

औषधांवर मी एवढी का अडून बसले आहे? अमेरिकेत 2011 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीनं दाखल व्हावं लागलेल्या पासष्टीपुढच्या रुग्णांचा तो होता. त्यात असं दिसलं की तीनपैकी दोन जण औषधांच्या फक्त चार गटांमुळे आले होते: वॉरफॅरिन, इन्सुलिन, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखी औषधं आणि साखरेच्या गोळ्या. यांत नवलाईचं औषध एकही नाही. आपल्या प्रत्येक घरातल्या डब्यात यांतलं एखादं तरी आहे, आणि ते आवश्यकही असतं. म्हणून हे वाचून कुणी आईची गोळी परस्पर बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची रक्त पातळ ठेवायची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं थांबवली, तर जे होईल ते फार वाईट असेल. गोळी काढायचा निर्णय दवाखान्यात बसून, कागदावर लिहून घ्यायचा.

सणाच्या दिवसांतली सर्वांत मोठी भीती मात्र साखरेची. वाढण्याची नाही, मोदकांनी वाढलेली चार दिवसांत खाली येते. मला भीती वाटते ती उतरण्याची. हिशेब करा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरितालिका, कित्येक बायका पाणीसुद्धा घेत नाहीत. चतुर्थीला नैवेद्य दाखवून जेवायला दोन-अडीच वाजतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून ऋषीची भाजी आणि कंदमुळांवर दिवस काढायचा. आणि गोळी? ती मात्र सकाळी सातला, न चुकता, कारण डॉक्टरांनी सांगितलंय रोज घ्यायची. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड पोटात गेली की ती साखर उतरवतच राहते, समोर ताट असो की नसो. किडनी थकलेली असेल तर दीड दिवससुद्धा. दरदरून घाम, हात थरथरणं, चिडचिड, मग बोलणं अडखळणं आणि शेवटी बेशुद्धी. त्या वेळी घरात पंचवीस माणसं असतात आणि आजी माजघरात आडवी झालीय, दमली असेल, असंच सगळ्यांना वाटतं.

उपास करू नका असं मी सांगणार नाही. सांगून झालंय, कुणी ऐकत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या बाईनं साठ वर्षं केलेलं व्रत माझ्या शब्दानं सोडावं अशी माझीही अपेक्षा नाही. पण हरितालिकेच्या आधी येऊन विचारा: या तीन दिवसांत कुठली गोळी घ्यायची, कुठली अर्धी, कुठली वगळायची. लघवीच्या गोळीबद्दलही विचारा, निर्जळी उपासात ती घातक आहे. थकलेल्या माणसाच्या साखरेचा काटा तरुणांइतका खाली ठेवायचा नसतो. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आठाच्या आसपास असली तरी पुष्कळ झालं. साडेसहा आली म्हणून पेढे वाटू नका, डॉक्टरांना विचारा गोळी जास्त तर होत नाही ना. साखर 70 च्या खाली आली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकरी-भात काही खायला द्या. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात आणा, कारण या गोळ्यांनी साखर पुन्हा उतरते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ 108.

पडण्याबद्दल थोडक्यात. भाद्रपदात पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ असतं ते तुम्ही चुना टाकून, घासून काढता, पाहुण्यांसाठी. चांगलं करता. पण खुबा मोडतो तो बहुधा घरात, रात्री, न्हाणीकडे जाताना. त्या वाटेवर एक दिवा लावा. न्हाणीच्या भिंतीला हाताला धरायला नळी ठोका; प्लंबर गावात असतोच, त्या दिवसांत शंभर कामांसाठी बोलावता, हे एकशे एकावं. राज्य सरकारनं 2024 मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजू माणसाला अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र त्यात बसतात. आईच्या खात्यात ते आले असतील तर नातवाच्या मोबाईलच्या रिचार्जमध्ये ते गेले नाहीत ना, एवढं बघा.

दवाखान्यात आलात की दोन गोष्टी आवर्जून मागून घ्या. एक, बसून बीपी घेतल्यावर उभं करून पुन्हा घ्यायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसनं किंवा जास्त घसरला, तर पहाटे उठताना आई कशी पडते ते तिथंच समजतं. दुसरी गोष्ट घरीही करता येते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा. लघवीची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ही रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी, आणि गोळी नवी सुरू केली किंवा वाढवली तर पंधरा दिवसांच्या आत व्हायलाच हवी. मी आता न चुकता करते. का, ते वर सांगितलं आहे. हृदय कमजोर असलेल्यांच्या घरी वजनकाटा ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मोदकांचं नसतं, अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन केलात तर गोळी थोडी वाढवून भागतं. आठ दिवस थांबलात तर श्वास लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावून न्यावं लागतं. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस, याविषयीही विचारून घ्या.

कुणी याचा असा अर्थ काढू नये की रुग्णालयात जाणं शक्यतो टाळावं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर एक मिनिटही माझी वाट बघू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आमच्या वाड्यांवरून सीटी स्कॅनपर्यंत पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. छातीत दुखणं, दम लागणं, बेशुद्धी, रक्ताची उलटी, पडल्यावर पाय टेकता न येणं, यांना 108 हाच रस्ता. तेल चोळून, अंगारा लावून रात्र काढू नका.

आता एक कडवट बोलते. तुमच्यापैकी पुष्कळ जण आईवडलांना वर्षातून दोनदा मुंबईला नेता, मोठ्या रुग्णालयात दाखवता, सगळ्या तपासण्या करून आणता. त्यात तुमचा पैसा आणि माया दोन्ही असतात, मला मान्य आहे. पण फाईल राहते मुंबईत आणि माणूस येतो गावी. हृदयाच्या डॉक्टरांनी एक दिलं, किडनीच्या डॉक्टरांनी ते बंद केलं, हाडांच्या डॉक्टरांनी तिसरंच दिलं, आणि हे सगळं एकत्र बघणारं कुणी नाही. नॉर्वेत या बाबतीत मोठी पाहणी झाली. पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच फॅमिली डॉक्टरकडे जाणारे लोक आणि त्या डॉक्टरकडे वर्षभरापासूनच येऊ लागलेले लोक यांची तुलना केली, तर जुन्या रुग्णांची तातडीनं दाखल व्हायची शक्यता सुमारे 28 टक्क्यांनी कमी होती, आणि मृत्यूची 25 टक्क्यांनी. इंग्लंडमधल्या 62 ते 82 वयाच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतूनही तोच कल दिसला. हे माझ्या धंद्याच्या फायद्याचं आहे असं कुणी म्हणालं तर म्हणो. तो एकच डॉक्टर सरकारी केंद्रातला असला तर मला अधिकच आनंद आहे. मुंबईच्या प्रत्येक फाईलची झेरॉक्स त्याच्याकडे द्या आणि मुंबईच्या डॉक्टरांना त्याचा फोन नंबर द्या. इतकंच.

सरकारी केंद्रावरून आठवलं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली. 16,96,777 ची 16,15,069 झाली. हजार पुरुषांमागे 1,122 बायका राहिल्या. कोण गेलं आणि कोण मागे राहिलं हे यात लिहिलेलंच आहे. अशा जिल्ह्यात म्हातारी बाई हीच आरोग्यसेवेची मुख्य रुग्ण असायला हवी. 2010 मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा खास वृद्धांसाठी तपासणी ठेवायची, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, रुग्णालयात दाखल झाल्यावर पाच लाखांपर्यंतचा खर्च त्यातून होतो. कार्ड जरूर काढा. पण ते दाखल झाल्यावरचं आहे. काकीला त्या पाच लाखांपेक्षा शुक्रवारच्या रक्ततपासणीची गरज जास्त होती.

म्हणून सरपंचांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगणं आहे की 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात एकटी किंवा दोघंच राहणारी, थकलेली माणसं किती, ते आशाताईंना पाठ असतं. एका वाडीत पाच-सात निघतील, गावात तीस-चाळीस. त्यांची यादी करा. महिन्यातून एकदा त्या दारात कुणीतरी जावं, बीपी बघावं, वजन करावं, डब्यातल्या गोळ्या मोजाव्यात आणि चार प्रश्न विचारावेत. जेवण कमी झालंय का, पडलात का, झोपूनच असता का, काही नवं औषध सुरू झालं का. याला फार शिक्षण लागत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर, बायकांना शिकवून बाळंतपणं आणि बालमृत्यूंचं चित्र बदलून दाखवलं. ते पाहायला जगभरातून लोक आले. जे तेव्हा तान्ह्या मुलासाठी केलं, ते आता आजीसाठी करायचं आहे. मात्र आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर फुकटात ठेवू नका. घरभेटीचे पैसे ठरवा, ग्रामपंचायतीच्या निधीतून द्या.

आणि चाकरमान्यांनो, तुम्ही परत गेल्यावर रोज रात्री आठच्या सुमारास फोन करता ना, तिथं एक बदल करा. “बरी आहेस ना?” असं विचारू नका. त्याला एकच उत्तर आहे, “मला काय धाड भरलीय,” आणि मरणाच्या आदल्या दिवशीही तेच येतं. त्याऐवजी विचारा, आज काय जेवलीस? अंगणात किती वेळा गेलीस? कुणाशी बोललीस? परवापर्यंत तुळशीला पाणी घालणारी आई दोन दिवस बाहेर गेली नसेल, तर कारण काढा. शेजारच्या एकाचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि त्याला सांगून ठेवा की आईत काही फरक वाटला तर आधी डॉक्टरांना फोन कर, मग मला. तो डॉक्टर “सोमवारी घेऊन ये” म्हणाला तर ऐकू नका. माझ्यावरून सांगते.

हरितालिकेच्या आधीचे चार दिवस आणि ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून विसर्जनापर्यंत माझा दवाखाना सकाळी आठला उघडेल आणि पहिले दोन तास फक्त सत्तरीपुढच्यांसाठी असतील. तालुक्यातल्या आणखी काही डॉक्टरांशी बोलले आहे, तेही असे तास ठेवतील. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. आरोग्य केंद्रातला वृद्धांचा वार कुठला, तेही आजच विचारून घ्या. येताना मुंबईची फाईल, चष्मा, कानाचं यंत्र आणि तो श्रीखंडाचा डबा आणा. डब्यातलं काही काढून टाकू नका, कात्री लावलेले बिननावाचे तुकडेसुद्धा.